एकादशीची खिचडी आणि राखेचा बुधवार

ताई, जय ख्रिस्त. माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, कॅथलिक. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन पिंपरीला आले. सासर प्रोटेस्टंट मंडळीतलं. सासऱ्यांचे आजोबा महारवाड्यातून मिशनच्या कंपाउंडात आले, तेव्हापासून घर ख्रिस्ती. सासूबाई मात्र नेवाशाकडच्या वारकरी घरातल्या. लग्नाच्या वेळी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज त्या 74 वर्षांच्या आहेत, साखर आहे, रोज शास्त्र वाचल्याशिवाय चहा घेत नाहीत. पण आषाढी आणि कार्तिकीला त्या काही न बोलता उपास धरतात. मी खिचडी करून देते. यंदा आषाढीला धाकटे दीर घरी आले होते. ते दोन वर्षांपासून एका फेलोशिपला, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळीला, जातात. ताटली बघून म्हणाले, "या घरात मूर्तिपूजा चालते." आई उठून आत गेल्या, खिचडी तशीच राहिली. मग माझा नंबर लागला. मी आमचा उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मटण-मासळी सोडते, तर म्हणे हे बायबलात नाही. नाताळसुद्धा परक्या देवाचा सण आहे म्हणाले. त्यांच्याकडे स्वतः जानेवारीत एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना असते! शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा मी खाते हे मुलीने तेवढ्यात सांगून टाकलं. यजमान म्हणतात, तुमचं काय ते बघा, पण चाळीस दिवस मला घासफूस खायला लावू नका. मी काय पाळू, काय सोडू? आईंना थांबवायचं का?
– एक बहीण, पिंपरी

सप्रेम जय ख्रिस्त.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ताटलीपाशी अडले. साखर असलेली 74 वर्षांची बाई, दिवसभर पोटात काही नाही, आणि समोर आलेलं ताट टाकून उठते. रात्री त्यांनी काय खाल्लं ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याकडे शेवटी येते.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. माझं तुमच्या उलट: माहेर नगरच्या मंडळीतलं, सासर कॅथलिक. माहेरी उपासकाळ वगैरे काही नव्हतं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मात्र आजी फोडणी घालायची नाही. तेल तापल्याचा चर्र आवाज त्या दिवशी घरात नको, एवढंच तिचं म्हणणं. बिनफोडणीची डाळ, भाकरी, आणि बारा ते तीन देवळात, म्हणजे चर्चमध्ये. हे कुठल्या अध्यायात आहे असं तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने विचारणाऱ्याला शेण कालवायला बसवलं असतं.

सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी सासूबाई मला सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) घेऊन गेल्या. फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि मी तशीच शाळेत जायला एस.टी.त चढले. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बाई, कपाळाला काजळी लागलीय बघा." मी झटकन पदराने पुसली. पुसल्याची दिवसभर चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी लक्षात आलं की त्याच मिस्सात वाचलेलं शुभवर्तमान मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं होतं: उपास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना पत्ता लागू देऊ नका. दरवर्षी राखेच्या बुधवारी हाच उतारा वाचतात आणि पाठोपाठ कपाळाला राख लावतात. मला ही विसंगती आवडते. माणूस उपास करायला लागला की पहिल्या मिनिटापासून कोणीतरी बघावं असं त्याला वाटतं, हे तिथल्या तिथे उघडं पडतं.

आता तुमचे चाळीस दिवस. दिरांचं एक खरं आहे. राखेचा बुधवार, मांसाहार बंद, हे प्रभूने कुणाला सांगितलेलं नाही. त्याने रानात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांवरून मंडळीने ते हळूहळू घडवलं. पण कॅथलिक मंडळीने घातलेलं ओझंसुद्धा तुम्ही समजता त्याहून पुष्कळ हलकं आहे. बंधनकारक उपास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. त्या दिवशी एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडं काही. तेही 18 पूर्ण झालेल्यांनी, साठावं लागेपर्यंत. मांस टाळण्याचा नियम चौदा पूर्ण झालेल्यांना, आणि तोही मुख्यतः शुक्रवारांचा. आजारी माणसाला सूट. म्हणजे चाळीस दिवस तुम्ही जे सोडता ते कोणी लादलेलं नाही, ती तुमची स्वतःची भेट आहे. भेट आपल्या पैशाने द्यावी. यजमानांच्या ताटातून देऊ नये.

त्यांच्या घासफुशीवर तोडगा तर कॅलेंडरातच आहे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस मोजा, 46 भरतील. चाळीस होतात ते सहा रविवार वजा करून. रविवार पुनरुत्थानाचा वार, तो उपासात धरत नाहीत. तेव्हा रविवारी खुशाल मटण शिजवा, त्यांना वाढा, वाटलं तर स्वतःही खा. आठवड्यात मध्येच त्यांना अंडं हवं झालं तर तवा कुठे असतो ते दाखवा.

एक मात्र तपासून बघा. मटणाचे वाचलेले पैसे जातात कुठे? आमच्या सासरी उपासकाळात इतकं पनीर यायचं की बोकड स्वस्त पडला असता. शेवटी सासऱ्यांनी एक बिस्किटाचा डबा ठेवला. आठवड्याला जे वाचेल ते त्यात टाकायचं, आणि ईस्टरच्या आधी गल्लीतल्या एका विधवेच्या घरी किराणा भरायचा. पहिल्या वर्षी डब्यात जेमतेम चिल्लर निघाली, तेव्हा आमच्या उपासाचं वजन आम्हाला कळलं.

दिरांना एक गोष्ट सांगा. 1522 च्या उपासकाळात झुरिकला क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी सॉसेजचे तुकडे वाटले गेले. त्या काळी तो गुन्हा होता, प्रकरण नगरपरिषदेपर्यंत गेलं. उलरिख झ्विंग्ली हा धर्मगुरू त्या घरात हजर होता. त्याने पुढे व्यासपीठावरून सांगितलं की उपास करायचा असेल त्याने करावा, नसेल त्याने करू नये, ख्रिस्ती माणसाला यात मोकळीक असू द्या. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची सुरुवात या सॉसेजपासून धरतात. आणि गंमत अशी की झ्विंग्लीने स्वतः त्यातला तुकडा तोंडात घातला नव्हता. मोकळीक मागणारा माणूस न खाता बसला होता. दीर मोकळिकीच्या नावाखाली तुम्हाला खायला लावायला निघालेत, हा नवाच नियम झाला.

"बायबलात नाही म्हणून पाळायचं नाही" हे सूत्र तरी बायबलात आहे का, विचारा त्यांना. योहानाचा दहावा अध्याय काढा. हिवाळा आहे, यरुशलेमेत मंदिराच्या पुनःसमर्पणाचा सण चालू आहे, येशू शलमोनाच्या देवडीत फिरतो आहे. हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही. मक्काबी घराण्यातल्या यहुदी वीरांनी विटाळलेलं मंदिर शुद्ध केलं, त्याच्या आठवणीसाठी लोकांनी आपणहून सुरू केलेला, प्रभूच्या जन्माआधी जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा. प्रभू त्या दिवशी मंदिरात होता. हे कुठे लिहिलंय म्हणून घरी बसला नाही.

नाताळचं मी लवकर आटोपते. 25 डिसेंबर ही तारीख शास्त्रात नाही, रोममधल्या चौथ्या शतकातल्या नोंदीत ती पहिल्यांदा सापडते. ती सूर्याच्या सणावरून आली की मरीयेला गर्भ राहिल्याचा दिवस मानलेल्या 25 मार्चपासून नऊ महिने मोजून, यावर विद्वान अजून भांडतात. भांडू देत. दिरांचा आक्षेप मात्र जुना आहे. 1647 ला इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ, ईस्टर सगळेच सण मोडीत काढले. 1659 ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला, तो 1681 ला उठला. सरकारी सुट्टी तिथे मिळायला 1856 उजाडलं. आणि 1813 ला मुंबईत उतरलेले, 1831 ला नगरला ठाणं मांडलेले अमेरिकन मिशनरी मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्याच न्यू इंग्लंड भागातल्या मंडळ्यांतले. त्यांच्या हातून बाप्तिस्मा झालेल्यांच्या पणतवंडांच्या घरी आज डिसेंबरात काय चालतं? करंज्या, शंकरपाळे, चिवडा, दारात चांदणीचा कंदील. अख्खा दिवाळीचा फराळ आम्ही उचलून नाताळात नेला आणि कोणाला विचारलंही नाही. दिरांनी गेल्या नाताळात करंजी खाल्ली होती का, एवढं आठवून बघा. रागाने विचारू नका, हसत विचारा.

त्यांची एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना चांगली आहे. दानीएलाने तीन आठवडे रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता, दहाव्या अध्यायात आहे. पण मग तेही एक कॅलेंडरच झालं की. काही ठिकाणी आता यहुद्यांचे सण पाळायची, शिंग फुंकायची टूम निघाली आहे. ते सण ज्यांचे खरे, ती बेने इस्रायली यहुदी माणसं आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडे शतकानुशतकं राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. यरुशलेमेचं मंदिर पडल्याच्या सुतकाचा त्यांचा उपास, त्याला बेने इस्रायली घरांत नाव काय, तर बिरड्याचा सण! वालाच्या बिरड्यावरून. शास्त्रातला उपाससुद्धा कोकणात आला की वाल सोलायला बसतो.

यावरून आईंच्या खिचडीकडे येऊ. पण आधी मी दिरांची बाजू घेणार आहे, कारण तुमच्या पत्रात ती कुठेच नाही.

त्यांचे पणजोबा महारवाड्यातून आले. त्या माणसाला पंढरपूरच्या देवळात पाय ठेवता आला नसता. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेरच आहे. विठोबाचं दार दलितांना उघडलं ते 1947 मध्ये, साने गुरुजी 1 मेपासून दहा दिवस उपाशी बसल्यावर. तोवर तुमच्या सासरचं घर ख्रिस्ती होऊन काळ लोटला होता. गावच्या सणावारात आपल्या माणसांच्या वाट्याला काय यायचं, ते घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐका. मेलेलं ढोर ओढा, वाजवा, लांब उभे राहा, उरलेलं पदरात घ्या. "ते सण आम्ही सोडले" हे म्हणताना त्या घराची मान पहिल्यांदा ताठ झालेली आहे. धाकट्या दिरांच्या तोंडी शब्द फेलोशिपचे असतील, पण आषाढी म्हटल्यावर त्यांच्या पोटात जे ढवळलं ते फेलोशिपच्या फार आधीचं असू शकतं. त्यांचं त्यांनाही ते उमगलेलं नसेल. भांडण मिटवायचं तर शास्त्रवचनांच्या आधी हे बोला.

ते दार उघडलं तेही एका उपासानेच, हे मी विसरू शकत नाही. यशयाच्या 58 व्या अध्यायात देव म्हणतो, मला पसंत असलेला उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं, जू मोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतली अर्धी देणं. साने गुरुजी ख्रिस्ती नव्हते. त्यांचे ते दहा दिवस या अध्यायात चपखल बसतात. माझं चाळीस दिवस मटण सोडणं बसेल की नाही, खात्री नाही.

आईंचा विठोबा मात्र दुसऱ्या दारातून आलेला आहे. नेवासा म्हणजे ज्ञानोबांनी गीता मराठीत सांगितली ते गाव. त्या मातीतली वारकरी पोर पन्नास वर्षांपूर्वी ख्रिस्ती घरात, तेही महारवाड्यातून आलेल्या ख्रिस्ती घरात लग्न करून येते. माहेरचं दार किती वर्षं बंद राहिलं असेल? वडिलांच्या मातीला तरी जाता आलं का? बाप्तिस्म्याच्या पाण्याने पाप धुतलं जातं असं आपण मानतो. माहेर धुतलं जात नाही. वर्षातले दोन दिवस ही बाई कोणालाही न सांगता उपाशी राहते. टाळ नाही, माळ नाही, फोटो नाही. मत्तयाचा सहावा अध्याय अक्षरशः पाळणारं तुमच्या घरात कोणी असेल तर त्या एकट्या आहेत.

पण अंदाजावर मी निकाल देणार नाही, तुम्हीही देऊ नका. विचारा. सगळे बसलेले असताना नको, दोघीच असताना, पालेभाजी निवडताना विचारा: "आई, तुमच्याकडे आषाढीला काय असायचं?" पुढे गप्प बसा. त्या बोलतील.

त्या वडिलांविषयी, दिंडीविषयी, आईच्या हातच्या रताळ्यांविषयी बोलल्या, तर ती आठवण आहे आणि आठवणीला कुठल्याही मंडळीत मज्जाव नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, कीर्तनं केली. आपल्या देवळात टाळ-मृदंगावर आपण जे म्हणतो त्याची चाल याच रस्त्याने आलेली आहे. नव्या घरात पहिल्या रविवारी आईंच्या कानाला ओळखीचं काही लागलं असेल तर तेच.

आणि त्या म्हणाल्या की, "मी विठ्ठलासाठीच धरते," तर? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण अभंगातलं नाव बदलता येतं पण एकादशी त्याचीच राहते. तेव्हाही त्यांना थांबवू नका, असंच मी म्हणेन. पन्नास वर्षं प्रभुभोजनाला गेलेली, रोज शास्त्र वाचणारी बाई कोणाची आहे हे ठरवायला तिचा धनी समर्थ आहे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल हेच विचारतो, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? हा अध्याय तर याच भांडणावर आहे. एक जण सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला. एक जण एखादा दिवस मोठा मानतो, दुसऱ्याला सगळे सारखे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. फक्त एक: त्यांना सोबत म्हणून तुम्ही एकादशी धरू नका. त्यांच्यापाशी तिला पन्नास वर्षांचं मूळ आहे, तुमच्यापाशी ते नुसतं घर सांभाळणं होईल. आणि घरातला तंटा पाळकांपर्यंत, फेलोशिपच्या पास्टरांपर्यंत नेऊ नका. बाहेरचा माणूस आला की ताटलीचा खटला होतो.

ताटल्यांचे खटले आपल्याकडे होऊन गेलेत. गोव्यात 1560 ते 1812 एवढ्या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, चाललं. 1736 च्या तिथल्या एका फर्मानात ख्रिस्ती घरांना काय काय बंद होतं, तर दारात तुळस नको, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नका! शिजताना मीठ पडलं की नंतर, यावर माणसाचा धर्म. दिरांनी ताटलीत डोकावून जे केलं त्याला मी तेवढं मोठं नाव देणार नाही, पण डोकावणं त्याच जातीचं आहे. आणि डोकावायचंच तर नीट डोकावा म्हणावं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, सगळं अमेरिका खंडांतलंच. क्रूस रंगवलेल्या शिडांच्या पोर्तुगीज जहाजांचा रस्ता उघडला नसता तर आपली एकादशी कशावर झाली असती कोण जाणे.

प्रसादाचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण शास्त्रात सगळ्यात स्पष्ट उत्तर याचंच आहे. आपल्या मराठी बायबलात पौलाच्या पत्रात शब्दच "नैवेद्य" आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय वाचा. तो म्हणतो, बाजारात मिळेल ते घ्या, खोदून विचारू नका. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कोणी मुद्दाम म्हणालं की हा नैवेद्य आहे, तर त्या माणसाच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि तिथेच हेही म्हणतो की प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या मेजावर दोन्हीकडे बसता येत नाही. म्हणजे पूजेला बसणं वेगळं आणि शेजारणीने दिलेला द्रोण वेगळा.

मी काय करते ते सांगते, धडा म्हणून घेऊ नका. शेजारी सत्यनारायण असला की आरती झाल्यावर जाते, शिरा घेते, खाते. एकदा आमच्याकडे नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक मुलगा राहायला होता. त्याला ते खुपत होतं, तर त्या वर्षी मी द्रोण घेतला आणि कामवाल्या मावशींच्या नातवाला दिला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ घेते, वाण घेते, कुंकवाला नुसती मान हलवते. शेजारणीला बावीस वर्षांत त्याचं काही वाटलेलं नाही. ती माझ्यासाठी फूल बाजूला काढून ठेवते. डिसेंबरात मार्गशीर्षातल्या गुरुवारी ती अंडं खात नाही, म्हणून तिच्यासाठीचा केक मी बिनअंड्याचा करते. तो चांगला होत नाही हे ती मला तोंडावर सांगते.

तुमच्या मुलीने दिरांना सांगितलं याचा राग धरू नका. तिला एवढंच सांगा की शिरा शेजारच्या काकूंनी दिला म्हणून आपण खातो, आणि प्रार्थना आपण येशूच्या नावाने करतो. सहा-आठ वर्षांच्या पोरीला हे बरोबर कळतं, मोठ्यांना वेळ लागतो.

"काय सोडू" असं विचारलंत, तर एक गोष्ट मी खरंच सोडायला सांगेन: नवस. देवाशी सौदा. हे दे, मी ते सोडते. हिंदू घरात दिसला की आपण नाकं मुरडतो, आणि वांद्र्याच्या मोतमाउलीच्या (माउंट मेरीच्या) यात्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं घेऊन रांगेत आपणच उभे असतो. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत तुम्ही लहानपणापासून हेच पाहिलं असेल. माझ्या सासूबाईंनी माझ्या मुलाच्या दहावीसाठी नऊ बुधवार धरले होते, म्हणजे ओळीने नऊ आठवडे मरीयामाउलीची बुधवारची प्रार्थना. तो पास झाला तेव्हा त्या माउलीचे आभार मानत बसल्या, आणि पोरगं तोंड पाडून म्हणालं, "मग मी काय केलं?" तुमच्या चाळीस दिवसांत असा काही करार लपलेला असेल, यजमानांच्या बढतीचा, मुलीच्या शाळेच्या प्रवेशाचा, तर तेवढा काढून टाका. दिवस राहू द्या.

आता दिरांशी कसं बोलायचं. त्यांना जेवायला बोलवा, उपास नसलेल्या दिवशी. आईंनी वाढावं, तुम्ही नव्हे. मूर्तिपूजा हा शब्द त्यांनी आईला उद्देशून वापरला, त्याची माफी त्यांनी आईकडे मागायला हवी, आणि हे त्यांना सांगायचं काम तुमच्या यजमानांचं आहे. "तुमचं काय ते बघा" म्हणून त्यांना सुटता येणार नाही. आई त्यांचीही आहे.

आणि ती साखर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, दिवसभर रिकाम्या पोटावर तो एकदम साखर चढवतो. आणि गोळी घेऊन जेवण टाकलं तर साखर खाली घसरू शकते, ते जास्त घातक. आईंना तुमच्या मंडळीने किंवा माझ्या मंडळीने उपासातून कधीच सूट दिलेली आहे, पण त्या ऐकणार नाहीत असं दिसतं. तेव्हा कार्तिकीच्या आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि सरळ विचारा: या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, साखर किती वेळा तपासायची. खिचडी थोडी करा, शेंगदाण्याचं कूट जास्त घाला, जोडीला दही आणि काकडी ठेवा. सकाळी अकराच्या आत वाढा. आणि त्या खात असताना समोर बसा.